डावीकडे सायकल

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या चर्चचे आदरणीय पाळकसाहेब, व्यासपीठावरचे मंडळीचे पंच आणि पाहुणे, महिला संघाच्या सगळ्या मावश्या, एरवी कधीच वेळेवर न येणारी आणि आज चक्क वेळेवर आलेली माझ्या तरुण संघातली भावंडं, आणि पहिल्या रांगेत बसलेले आमचे काका नि काकू, तुम्हा सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

व्यासपीठावरची मधली खुर्ची रिकामी आहे, हे तुम्ही पाहिलंच असेल. ती काकांची. पंचांनी विनवलं, पाहुण्यांनी विनवलं, पण काका वर आले नाहीत. मला म्हणाले, "आधी तुझं बोलून होऊ दे. ते ऐकूनही लोकांना मला वर बसवावंसं वाटलं, तर येईन. नाहीतर इथूनच घरी. पायऱ्या चढायचे कष्ट तरी वाचतील."

माझ्या मागच्या फलकावर लिहिलंय, 'मंडळीच्या गाडीचे चालक वयोमानामुळे निवृत्त होत आहेत, त्यानिमित्त सत्कार.' अक्षर सुंदर आहे. ज्या ताईंनी काढलं त्यांचं कौतुक. पण वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं पाळकसाहेबांना काकांनी स्वतः सांगितलं. बाकीच्यांना मी सांगावं ही त्यांची अट. मी म्हटलं, "काका, मला कुठलं भाषण येतंय? शाळेत मी बाकावर कमी आणि वर्गाबाहेर जास्त." तर म्हणाले, "म्हणूनच तू. ज्यांना बोलता येतं ते गोड बोलतात."

तेव्हा ऐका. गोड नाहीये.

इथे कामाला आलो तेव्हा मी एका जागी टिकणारा माणूस नव्हतो. आजही नाही. आधी भांडी घासली, मग रंगकाम, आता खोकी भरतो. रविवारी खोलीवर पडून छताकडे बघायचो आणि ठरवायचो, उद्या हे शहर सोडायचं. अशाच एका रविवारी खाली हॉर्न वाजला. मंडळीची पांढरी गाडी. काकांनी काच खाली करून विचारलं, "येतोस का उपासनेला?" मी म्हटलं, "आंघोळ नाही झाली." म्हणाले, "देव नाकानं बघत नाही. बस." त्यानंतर दर रविवारी तो हॉर्न. सांगा, ज्या माणसाला या शहरात हाक मारणारं कुणी नाही, त्याला त्या हॉर्नची किंमत विचारायची असते का?

आणि गाडीत पुढच्या सीटवर काकू. नेहमी, न चुकता. गाडी सुरू झाली की काकूंचं तोंड सुरू. "डावीकडे सायकल." "उजवीकडून बाई निघाल्यात, पोर कडेवर आहे." "उजवीकडचा ट्रक चिकटतोय हं." आम्ही मागे बसून एकमेकांना कोपरं मारायचो. आम्ही त्यांचं नाव ठेवलं होतं 'रेडिओकाकू'. सर्वांत मागच्या रांगेत जो कुरिअरवाला खाली मान घालून बसलाय ना, तो त्यांची नक्कल अशी हुबेहूब करायचा की एकदा काकांनी खरोखर ब्रेक मारला. आम्ही पोट धरून हसलो. काकाही हसले. काय बिचारा माणूस, आम्ही म्हणायचो, घरी ऐकायचं ते ऐकायचं, गाडीतही सुटका नाही!

एक आठवण मध्येच सांगतो, पुढे कामाला येईल. गेल्या थंडीत काकूंचा घसा बसला होता, आवाजच फुटत नव्हता. नेमक्या त्याच रविवारी गाडी बिघडली. आम्ही कुडकुडत चालत आलो, त्या जुन्या गाडीला वाट्टेल ती नावं ठेवत.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तुम्हाला माहीतच आहे, तरुण संघाचं एक दिवसाचं शिबिर होतं, शहराबाहेरच्या मैदानावर. सकाळी प्रार्थना, मग दिवसभर खेळ. झाडांना कापडी पट्टी बांधली होती आणि तिच्यावर आमचा विषय लिहिला होता: 'विश्वास'. गाडी काकांनीच आणली. मी त्यांच्या मागच्या सीटवर झोपून आलो. तोंड उघडं टाकून झोपलो होतो, फोटो आहे. तो फोटो हल्ली मी उघडून बघत नाही.

पहिला खेळ, गोल करून चेंडू फेकायचा. काकांना आम्ही आग्रहानं घेतलं. समोरून आलेला प्रत्येक चेंडू त्यांनी झेलला, विशीतल्या पोरासारखा. बाजूनं आलेला थेट कानावर. पुन्हा बाजूनं, पुन्हा कानावर. आमच्या संघातली बेकरीवाली ओरडली, "काका, झोप झाली नाही का?" सगळे हसले. मीही.

जेवणानंतर डोळे बांधायचा खेळ. जोडीतल्या एकाच्या डोळ्यांवर पट्टी. वाटेत बादल्या, खुर्च्या, आडव्या दोऱ्या. दुसऱ्यानं लांबून फक्त बोलून त्याला पार न्यायचं. आमची काय तऱ्हा झाली म्हणता! मी माझ्या जोडीदाराला डावीकडे सांगितलं आणि तो बादलीत पाय घालून उभा राहिला. कुरिअरवाला, जो पत्ते शोधायचा पगार घेतो, तो उलटा फिरून सुरुवातीच्या जागी परत आला. मग कुणीतरी टूम काढली, रेडिओकाकू आणि काका! टाळ्या, शिट्ट्या. काकू नको नको म्हणत होत्या. काका म्हणाले, "चल गं, पोरांची हौस." पट्टी मी बांधली. घट्ट बांधली, कारण लबाडी नको.

काकूंनी सुरुवात केली. "सरळ. सरळ ये. डावीकडे बादली, सोड. आता दोरी आहे, गुडघ्याइतकी, उचल पाय. उजवीकडे खुर्ची, चिकटतेय हं." आवाज तोच, गाडीतला. घाई नाही, चढ नाही, उतार नाही. आणि तो माणूस चालला कसा! हात पुढे न धरता, अंगणात फिरल्यासारखा. एका बादलीला धक्का नाही.  मग आम्ही असा गलका केला की झाडावरचे पक्षी उडाले.

मी धावत गेलो, पट्टी सोडली, त्यांच्या उजव्या बाजूला उभा राहिलो आणि अभिनंदन करायला हात पुढे केला.

काकांनी हात दिला नाही. ते समोर बघून हसत होते. माझा हात तसाच हवेत.

तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "उजवीकडे पोरगा आहे. हात दे."

आणि काकांचा हात आला.

मंडळी, पट्टी माझ्या मुठीत होती. त्यांचे डोळे उघडे होते.

मला सांगा, तुमच्या पायाखालची जमीन सरकते तेव्हा आवाज होतो का? मला तरी आला नाही. मला फक्त चेंडू दिसले, कानावर आपटलेले. सायकली दिसल्या, ट्रक दिसले, कडेवरचं पोर दिसलं. आणि लक्षात आलं की काकू गाडीत समोरचं कधीच काही सांगत नव्हत्या. कधीच! फक्त डावं आणि उजवं. आणि त्यांचा घसा बसला, त्या दिवशी गाडी बिघडली.

खेळ संपले. उन्हं उतरली, डबे आवरले, पोरं गाडीभोवती जमली. खिडकीजवळची जागा कुणाची यावर भांडणं चाललेली. काका किल्ली घेऊन दारापाशी. मी आडवा उभा राहिलो.

"काका, किल्ली द्या."

"का रे? तुझ्याकडे लायसन आहे?"

"नाही."

"मग?"

"तुमच्याकडेही नसायला पाहिजे."

काकूंनी माझं मनगट धरलं. "हळू बोल, बाळा. पोरं ऐकतील."

"ऐकू दे ना, काकू. जीव त्यांचेच आहेत."

काकांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. मग म्हणाले, "समोरचं मला तुझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. बाजूचं गेलंय. पाइपातून बघितल्यासारखं. डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, गाडी सोडा म्हणून."

"आणि तुम्ही?"

काकू म्हणाल्या, "मी असते ना शेजारी! एक ओरखडा तरी आलाय का आजवर गाडीला?"

खरं होतं ते. एकही ओरखडा नाही. आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी म्हटलं, "काकू, एखाद्या वळणावर तुम्हाला नुसती शिंक आली असती तर?"

काकूंनी माझं मनगट सोडलं.

एव्हाना सगळे ऐकत होते. काका म्हणाले, "तुम्हाला आणणार कोण, सांग. दुसरा चालक ठेवायची मंडळीची ऐपत नाही." तर बेकरीवाली पुढे आली. म्हणाली, "मी रोज पहाटे गाडीभर पाव पोचवते, काका. माणसं काय पावापेक्षा नाजूक असतात? मला एकदा विचारायचंत तरी." काकांनी तिच्याकडे मान वळवली, पूर्ण वळवली, आणि म्हणाले, "विचारावंसंच वाटलं नाही, पोरी. गाडी माझीच आहे असं वाटायला लागलं होतं." आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

'गाडी माझीच' हे वाक्य त्यांना टाळता आलं असतं. ऐपतीवरच थांबता आलं असतं, आणि आम्ही ते मानलंही असतं.

परत येताना बेकरीवालीनं गाडी चालवली. काका-काकू मधल्या सीटवर, मी त्यांच्या मागे. झोपेचं तर नावच नको.  चौक आला की काकूंचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. सायकल गेली, तोंड उघडलं, मिटलं. शेवटी काका म्हणाले, "गप्प का? बोल ना."

"आता काय बोलू? चालवतेय ती."

"मग जे दिसतंय ते सांग."

काकू थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. आणि मग म्हणाल्या, "एक दुकान आहे, दिव्यांचं. सगळे दिवे लावून ठेवलेत." पुढे गेल्यावर म्हणाल्या, "एक मुलगी झोपाळ्यावर उभी आहे. आई खालून ओरडतेय." "अजून?" "गच्चीवर कुणाची तरी लाल चादर राहिलीये वाळत. भिजणार आता ती दवात." इतकी वर्षं त्या बाईंनी त्यांना फक्त धोके सांगितले होते. सुंदर काही सांगायला वेळच कुठे मिळाला होता? मी मागे बसून ऐकत होतो, आणि खरं सांगतो, मला रागही आवरत नव्हता आणि रडूही.

तुम्ही विचाराल, माफ केलंस का? मीच स्वतःला रोज विचारतो. अर्धं केलंय. काही रात्री वाटतं, या माणसानं मला बुडण्यातून बाहेर काढलं. काही रात्री वाटतं, त्यानंच आमचे जीव टांगणीला लावले होते. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच माणसात कसं मावतं हे मला कळत नाही. धक्का बसला तो बसलाच. अजून उतरलेला नाही. तुमचे चेहरे बघतोय, तुमचाही आता लगेच उतरणार नाही.

पण या सभागृहात हेही सांगायला हवं, की त्या शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी पाळकसाहेबांचं दार वाजवलं. कुणी ओढून नेलं नव्हतं. आणि आता रविवारी खाली हॉर्न वाजतो तो बेकरीवालीचा असतो. गाडीला पावाचा वास येतो. मागे काका-काकू बसलेले असतात, आणि काकू खिडकीतून दिसेल ते सांगत असतात. कुरिअरवाला आता नक्कल करत नाही. परवा मी त्याला म्हटलं, कर की. म्हणाला, "जमत नाही रे. हसू येत नाही."

मला बोलायला उभं केल्याबद्दल पाळकसाहेबांचे आभार, एवढं ऐकून घेतल्याबद्दल पंचांचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सगळ्यांचे आभार. त्या संध्याकाळी आम्हाला घरी पोचवल्याबद्दल बेकरीवालीचे तर फारच आभार. कामगार माणूस आहे, शब्द खोक्यांसारखे आपटून ठेवतो. एखादा कुणाच्या पायावर पडला असेल, तर घरचं पोर म्हणून पोटात घाला.

ती खुर्ची अजून रिकामी आहे. बाकीच्यांनी काय ठरवलं ते मला माहीत नाही. ज्याला त्या रविवारी खालून हाक आली होती, तो आज वरून हाक मारतोय. काका, वर या.

उजवीकडे माइकची वायर आहे, आणि पायऱ्यांना कठडा नाही... पण हे मी कशाला सांगतोय? काकू, तुम्ही सांगा. मोठ्यानं सांगा. आज इथे कुणीही हसणार नाही.