मदरशातली बारूद

—बसा हो वच्छलाबाई, सारख्या उठता कशाला? माझी नात संस्कृती साडीच नेसतीय आत. सुपारी फोडायचीय, व्हय, माहितीय मला. माझा लेक बद्रीनाथ अन् तुमचे मालक बाहेर ताट मांडून बसलेत—बसू द्या की घडीभर! चहा घ्या. लग्नानंतरबी शिकवू म्हणता, नाय का? लई चांगलं. फक्त तुमच्या सोमनाथचा कंपनीतला डबा अन् सासऱ्याचं पथ्यपाणी तेवढं बघावं. तेवढंच ना? तेवढंच.

माझं माहेर बिदरचं. तिथं महमूद गवाननं मदरसा बांधला—सुलतानाचा वजीर, पण मूळचा इराणकडचा सौदागर. तीन मजले, निळ्या फरशीचे मनोरे, पुस्तकंच पुस्तकं, अन् लांबून आलेल्या पोरांना राहणं-खाणं फुकट! मी शाळेचं तोंड नाय बघितलं, पण त्या भिंतीला हात लावून आई सांगायची, ते अजून कानात हाय. पुढं चुगलखोरांचं ऐकून सुलतानानं वजिराला मारलं. तरी मदरसा राहिलाच बरं का! मग बंद कुणी केला? आई म्हणायची, कुणीच नाय. मोगलांची फौज आली—तुम्ही शिका की, आमचे घोडेस्वार तेवढे राहतील. मग एका अंगाला बारूद ठेवली. तेवढीच. अन् एक दिवस वीज पडली—कुणी म्हणतं ठिणगी—निम्मा मदरसा आभाळात! आता एकच मनोरा उभा हाय, अन् कबुतरं.

परत उठल्या? अवो, गाडी सुटेपस्तोर तरी दम धरा—

कसली गाडी म्हणजे? ...घ्या. निघालंच तोंडातून. आत नका बघू, आत कुणी नाय. मागच्या दारानं लावून दिली मी तिला मुकुंदवाडी ठेसनाला. हैदराबादच्या विद्यापीठात नंबर लागलाय तिचा. उद्या हजर नाय झाली तर जागा जाती. बापाला ठावं नाय. सांगितलं असतं तर त्यानं आधी सुपारी फोडली असती, मग ऐकलं असतं.

तुमच्या सोमनाथला नाव नाय ठेवत मी, गुणाचं लेकरू हाय. व्हय, फसवलं तुम्हाला. चहा पाजून फसवलं. बोला काय बोलायचं ते—पण हळू, जरा हळू...

हाक मारतोय बद्रीनाथ. ऐकू येतंय मला, बहिरी नाय झाले अजून. जा, तुम्हीच सांगा त्याला. एवढं सगळं बोलले, पण लेकापुढं माझी जीभ नाय उचलायची. जा म्हणते ना! अन् दार ओढून घ्या.