डोहाची बारावी पाहणी

नाही, तुम्हीच सांगा, बेचाळीस रकाने! हलत्या होडीत बसायचं, मांडीवर फळी ठेवायची, एका हातानं टोपी धरायची, दुसऱ्या हातानं लिहायचं आणि तिसऱ्या हातानं डास मारायचे... आहे का कुणाला तिसरा हात? पण साहेबांना कोण सांगणार! आमचे साहेब म्हणजे नदी वाचवायच्या आराखड्याचे प्रमुख, त्यांनी थंडगार खोलीत बसून फॉर्म काढला, जलपर्णीच्या पाहणीचा. जलपर्णी माहितीय ना? ती हो, गुबगुबीत देठांची, वर जांभळी फुलं! लांबून वाटतं, वा, कुणी गालिचा अंथरलाय, आणि जवळ गेलं की कळतं, अरे, नदीच गेली की! खालचं पाणी काळं, मासे गुदमरलेले, होडी जागची हलेना. कुणीतरी कधीतरी लांबच्या मुलखातून हौसेनं आणली म्हणे, तळ्यात शोभेला! बघा, पाहुणी म्हणून आलेली बया आता घरधनीण होऊन बसलीय. तर ही बया कुठं किती पसरलीय ते दर महिन्याला बघायचं, बेचाळीस रकान्यांत लिहायचं, आणि त्यावरून आराखडा होणार. लिहिणारा कोण? मी. ऑफिसात माझं नावच पडलंय, 'वहीवाले'. आईनं ठेवलेलं नाव आता फक्त पगारपत्रकावर!

आता नदीचे पाडलेत नऊ भाग. एक नंबर आमच्या ऑफिसच्या मागं, तिथं जलपर्णी एवढी गच्च की मांजर पलीकडच्या काठाला पाय न भिजवता जाईल. मग वर वर जात दोन, तीन, चार... सगळीकडं हीच. आठ नंबर संपला की बंधारा, दगडी, दोन पुरुष उंच. आणि बंधाऱ्याच्या वर नऊ नंबर. डोह.

तुम्हाला सांगतो... ते पाणी! काय सांगू तुम्हाला!

बाजूच्या उतारावरून आम्ही होडी ढकलत वर न्यायचो, आम्ही म्हणजे मी आणि नावाडीकाका, दोघंच, जीव नुसता मेटाकुटीला यायचा, काका मला शिव्या घालायचे, मी साहेबांना घालायचो, आणि होडी एकदाची डोहात उतरली, काकांनी इंजिन बंद केलं, की बास. आधी कान बंद झाल्यासारखे वाटायचे. मग हळूहळू एकेक आवाज यायचा... पानांचा, कुठं एखाद्या बेडकाचा, वल्ह्यावरून थेंब पडतोय त्याचा... आणि खाली बघावं तर तळ! तीन माणसं खोल पाणी, आणि खालचे दगड मोजून घ्या. मासा दिसायचा नाही हो, आधी त्याची सावली दिसायची, तळावरून सावकाश चाललेली, कुणी दुपारचं जेवून शतपावली करावी तशी, आणि मग मान जरा वाकडी केली की त्या सावलीच्या वर अधांतरी तो स्वतः... मी बघत बसायचो. किती वेळ? मला काय विचारता! काका म्हणायचे, "वहीवाले, जागे आहात ना? सतरावा रकाना राहिलाय." सतरावा रकाना, 'पाण्याखालची दृश्यता'. मी लिहायचो, 'नितळ'. साहेब फॉर्म परत पाठवायचे, "नितळ म्हणजे किती मीटर? नितळ हे काय माप आहे?" आता ह्यांना काय सांगायचं! मीटर लिहायचे तर त्या पाण्यात दोरी सोडायला पाहिजे, आणि त्या पाण्यात दोरी सोडायची म्हणजे झोपलेल्या लेकराच्या तोंडात बोट घालण्यातला प्रकार!

घरी वेगळीच तऱ्हा. पाहणीचा दिवस आला की आमची ही दारात कमरेवर हात ठेवून उभी. "अहो, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून कुठं निघालात? पाहणीला की सासुरवाडीला? माझ्या माहेरी जाताना तर कधी एवढे खुलत नाही!" मी म्हणायचो, अगं, सरकारी काम आहे. "सरकारी कामाला जाताना कुणी गुणगुणतं का?" गुणगुणत होतो हे खरंच होतं.

पण गंमत नव्हती बरं का, काळजी होती. आराखड्यात कलम होतं. एखाद्या भागात ओळीनं बारा पाहण्यांत एकही रोप सापडलं नाही, तर तो भाग 'निर्मळ'. म्हणजे कायमचा राखीव, त्याच्या काठाला कुणी हात लावायचा नाही. आणि एक, फक्त एक जरी रोप सापडलं, तर 'बाधित'. बाधित झालं की कापणीचं यंत्र येणार, केवढं धूड ते, ते पाण्यात उतरवायला काठ कापणार, झाडं पाडणार, रस्ता करणार, तळ ढवळणार... डोहाचं डबकं करून मग त्याला वाचवणार! आठही भाग बाधित होते. सगळ्या नदीत आशा एकच, नऊ नंबर. आणि आमच्या अकरा पाहण्या शून्य! अकरा वेळा मी माझ्या हातानं शून्य काढलं, गोल, गरगरीत, जन्मात कधी शून्याचा एवढा अभिमान वाटला नव्हता. शाळेत शून्य मिळायचं तेव्हा वडिलांनी बडवलंय मला, आणि इथं शून्यासाठी मी जीव टाकत होतो! काकांना म्हणायचो, अहो, बाराव्यालाही शून्यच येणार, ती बया बंधारा चढून वर येणार कशी? तिला काय पाय आहेत?

तर बारावी पाहणी. सकाळी एक नंबरपासून सुरुवात, चिखलातून, घाणीतून, जलपर्णीत इंजिनाचा पंखा अडकतोय, काका तो उचलून उपसतायत, मी रकाने भरतोय, दुपारी बंधाऱ्यापाशी डबे खाल्ले, होडी वर ढकलली, डोहात उतरवली, इंजिन बंद. कान बंद. थेंब... पानं... आणि ते पाणी! काय सांगू तुम्हाला! त्या दिवशी तर ऊन असं तिरपं आत उतरलं होतं की वाटलं, होडी पाण्यावर नाहीच, हवेत लटकलीय, खाली दगडांचं गाव आहे आणि आपण त्यावरून सावकाश चाललोय, कुणाला पत्ता नाही... तळावर माशाची सावली आली, गेली... दुसरी आली. ही थांबली. हलेचना. वाटोळी, आणि खाली बारीक मिशा सोडल्यासारखी. मी म्हटलं, हा कुठला मासा? मान वाकडी करून वर बघतो तर... पाण्यावर, माझ्यापासून हातभर लांब, मुठीएवढं हिरवंगार रोप. देठ गुबगुबीत. कसं मजेत डुलत होतं हो! आंघोळीला उतरल्यासारखं!

खोटं नाही सांगत, हातातलं पेन पाण्यात पडलं आणि तळापर्यंत जाताना सबंध दिसलं.

काका उठले, मागं गेले, इंजिन वर उचललं, आणि पंख्याकडं बोट केलं. पंख्याला गुंडाळलेला देठाचा लांब तुकडा, टोक ताजं तुटलेलं. रोपाचं टोक जुळवून बघितलं, चपखल! "वहीवाले," काका म्हणाले, "तुम्ही विचारत होता ना, तिला पाय आहेत का? हे बघा पाय. एक तुमचा, एक माझा."

अहो, डोकं गरगरलं माझं! वर्षभर आम्ही काय केलं होतं? सकाळी सगळ्यात घाण पाण्यात होडी लोळवायची आणि दुपारी तीच होडी, तशीच बरबटलेली, सगळ्यात स्वच्छ पाण्यात नेऊन घालायची! डोहात रोप नाही ना, हे बघायला जाताना रोप आम्हीच घेऊन जायचो! अकरा वेळा देव पावला म्हणायचा! आणि का? तर फॉर्मवर छापलंय, 'अनुक्रमे भरावा.' एक नंबर आधी, नऊ नंबर शेवटी. शेंबड्या पोराला कळेल, चिखलाचे पाय घेऊन आधी माजघरात जायचं नाही, पण एवढ्या शिकल्यासवरलेल्या ऑफिसात कुणाच्या डोक्यात येईल तर शपथ! माझ्यासुद्धा नाही आलं. मी कुठं जागा होतो, मी तर बघत बसलो होतो...

मग तास-दोन तास आम्ही सगळा काठ पालथा घातला, प्रत्येक दगड, प्रत्येक मुळी, दुसरं रोप नाही. ते एकच. आता ते माझ्या मुठीत, आणि समोर फॉर्म. काका तोंड फिरवून बसले. "लिहायचं काय ते तुम्ही बघा. मी माझं वल्हं धुतोय." म्हणजे बघा! रोप खिशात घातलं, शून्य काढलं, की डोह निर्मळ. कुणाला कळणार होतं? शून्य काढायला किती वेळ लागतो! पण खोटं शून्य काढलं, तर पुढल्या महिन्यात पुन्हा हीच होडी, हाच पंखा, आणि तेव्हा एक नसतं, चार असतात, मग चाळीस. आणि 'एक' लिहिलं तर यंत्र! इकडं आड, तिकडं विहीर आणि मी मधे डोहात! मला रडू आलं हो. सांगायला लाज कसली, बायकोसमोर कधी रडलो नाही तो त्या नावाड्यासमोर रडलो.

शेवटी बेचाळिसावा रकाना. 'शेरा.' वर्षभर तिथं मी रेघ मारत आलो होतो. काकांची पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'रोप एक. ते डोहाचे नाही, आमचे आहे. आमच्या होडीने आणले, आम्हीच काढून घेतले. गुन्हा पाहणीचा आहे, पाण्याचा नाही.' खाली सही. घरी येऊन हिला सांगितलं, म्हटलं, नोकरी जाईल बहुतेक. तिनं शेरा वाचला आणि म्हणाली, "जाऊ दे गेली तर. लग्नाला बावीस वर्षं झाली, तुम्ही माझ्याबद्दल कधी एवढं छान लिहिलं नाही."

चार दिवसांनी साहेबांनी बोलावलं. गेलो, हात जोडूनच. साहेब खुर्चीतून उठले! "वहीवाले, शाबास! डोळे उघडलेत आमचे. रोप आपलं होतं, डोहाचं खातं शून्यच. नऊ नंबर निर्मळ. कायमचा राखीव!" "आणि तुमच्याच शेऱ्यावरून आराखड्यात नियम घातलाय, पहिलाच. डोहात कुठलीही होडी नेण्यास मनाई." म्हटलं, अगदी बरोबर साहेब! "पाहणीची होडी धरून."

मी म्हटलं, साहेब... उलट क्रमानं करू ना! धुतलेली होडी आधी डोहात, मग खाली खाली येऊ. साहेब माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागले की जणू मी नदी उलटी वाहवायला निघालोय. "नऊ नंबर आधी? मग एक नंबर कितवा? अहो, फॉर्म बदलायचा म्हणजे समिती बसवावी लागते. माणूस थांबवायला माझी एक सही पुरते." म्हटलं, मग डोहाची पाहणी? "बंधाऱ्यावर उभं राहून दुर्बिणीतून करा. दुर्बिणीतून दिसणार नाही ते आधीच्या नोंदी आठवून भरा. टेबलाशी बसून."

आता सांगा, भांडणार कुणाशी? नियम चांगला आहे, डोह वाचला, आणि नियमाखाली आधार म्हणून शेरा माझाच जोडलाय, सहीसकट! तेव्हापासून दर महिन्याला नऊ नंबर मी टेबलावर भरतो. आधी पंखा बंद करतो. मग डोळे मिटतो. कान बंद होतात... थेंब पडतो... ऊन तिरपं आत उतरतं... आणि ते पाणी! काय सांगू तुम्हाला! परवा असाच बसलो होतो, तर साहेबांनी येऊन टेबलावर थाप मारली, "वहीवाले! ऑफिसच्या वेळेत झोपता?"

मी डोळे उघडलेच नाहीत. म्हटलं, "झोपलो नाही साहेब, पाहणी चालू आहे. जरा हळू बोला, मासे बिथरतात."