माहिती देणाऱ्या बाईचा सत्कार

न्हाई न्हाई, खाट नको उमाबाई, मी हितंच पायरीवर बसतो — चहाचं बी राहू द्या. गाडीत नवे ऑडिटर हायेत, उतरू नका म्हणलं त्यांना, आधी मी एकटा जाऊन येतो. ओळखलं ना? रामलिंग, औशाचा. मागच्या महिन्यात पोरं घेऊन आलो होतो — डिंक काढताना झाडाला, माणसाला इजा होती का, ते कसं तपासायचं, शिकवायला. ओळखलंच असणार म्हणा. विसराल कशा?

घरात डिंक लई दिसून राहिला. ठेकेदारानं, अमृतरावांनी, घेतला न्हाई, हाव ना? कळलं मला. बाकीच्या बायांचा घेतला, तुमचाच माघारी — खडे निघाले म्हणे. खडे कुठले! काचेसारखा डिंक हाय. अन् दुसरा घेणारा तर माहूरच्या अलीकडं भेटत न्हाई.

पोरांची चूक न्हाई, हे आधी सांगतो. मीच शिकवलंय त्यांना — ठेकेदारासमोर विचारायचं न्हाई, बाईला बाजूला घ्यायचं, तिचं नाव कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाई. त्यातल्या ऋतुजानं बरोबर तसंच केलं. अन् तुम्ही मोहाच्या झाडाखाली बसून तिला सगळं सांगितलं — धावड्याच्या झाडाला भोक पाडून औषध सोडायला लावतात, डिंक भरमसाट येतो पण झाड वाळून जातं, हाताची सालपटं निघतात. दुसऱ्या एकीनं तोंड उघडलं न्हाई. मला अभिमान वाटला हो! असं मोकळं बोलणारी बाई, तिला तसंच सोडून गाडीत बसायचं? आपल्याकडं साधा तलाठी बदलून गेला तरी शाल-नारळ देतात. म्हणून संध्याकाळी निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर माईक घेतला अन् म्हणलो, सगळ्यात मोकळेपणानं माहिती देणाऱ्या उमाबाई, पुढं या! तुम्ही काही उठेनात. मला वाटलं लाजून राहिल्या. शेवटी शेजारी बसलेल्या नीलाबाईनं ढकललं तुम्हाला.

शाल? शाल अमृतरावांची. दुपारी जेवताना त्यांनीच विषय काढला — सर, कोण चांगलं बोललं तेवढं सांगा, सत्कार आपल्याकडून. मला काय ठाऊक — न्हाई, शंका आली न्हाई असं न्हाई. आली. पण ताटात त्यांचेच धपाटे, वर तूप वाढून राहिले, अशा माणसाला न्हाई कसं म्हणायचं? अन् माझा बी सत्कार होता ना तिथं. फेटा बांधला होता मला, चांगला तुऱ्याचा.

अहवालात मात्र तुमचं नाव न्हाई बरं का! तिथं नियम पाळला. औषधाचं? लिहिलं की. म्हणजे — अधिक तपास करावा, असं लिहिलं. अमृतरावांना सर्टिफिकेट मिळालं, झाडाला-माणसाला इजा न्हाई म्हणून. बगू नका असं. झोप लागत न्हाई मला, खरंच सांगतो, वर्गात उभा राहिलो की ते नाव लपवायचं शिकवता येत न्हाई.

आज? माफी मागायलाच आलो. माफी तर हायेच. पण या नव्या पोरांना बोलणारं कुणी पायजे, अन् बाकीच्या बाया आम्हाला बघून दारं लावून घेतात. तुमचं तर आता काही जायचं राहिलं न्हाई — तसं न्हाई हो, चुकून तोंडातून गेलं! एकदा सांगा त्यांना, एवढंच. या खेपेला सत्कार न्हाई, रेणुकाईची शप्पथ.

उठल्या कुठं? उमाबाई? अहो, चहा नकोच म्हणलं ना —

ही शाल... घडी बी मोडली न्हाई तुम्ही. मला कशाला? माझ्या खांद्यावर कशाला घालून राहिल्या? नारळ बी तोच. उमाबाई, गाडीतून समदे बगून राहिले, असं करू नका —

ए! टाळ्या काय वाजवता रे? बंद करा! बंद करा म्हणलं ना!

उमाबाई, कडी नका लावू. उमाबाई...