दोनपैकी एक डिस्क

दि. १०/०६/२०२५

मी, उत्तरा विठ्ठल गावणकर, वय ५३ वर्षे, धंदा नोकरी (टेलिफोन ऑपरेटर), राहणार मोहने, कल्याण. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वागळे इस्टेटमधील कंपनीत मी एकोणीस वर्षे ऑपरेटर आहे. माझे पती विठ्ठल तेथेच प्लेटिंग खात्यात होते. दि. १८ मार्च रोजी दुपारी टाकीच्या खोलीत रसायनाच्या वाफेने गुदमरून ते मयत झाले. त्यांनी मदतीसाठी फोन केलाच नाही, असे कंपनीच्या अहवालात आहे.

त्यांनी फोन केला होता. मी त्या दिवशी कामावर नव्हते, दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते.

कंपनीचे सर्व फोन एका सर्व्हरवरून चालतात. टाकीच्या खोलीतून २२२ या मदतीच्या नंबरावर ३.१२, ३.१४ आणि ३.१९ वाजता कॉल गेल्याची त्यात नोंद आहे. २२२ पूर्वी गेटवर वाजायचा. जानेवारीत मॅनेजर सलिल कारखानीस यांच्या लॉगिनवरून सेटिंग बदलून तो त्यांच्या केबिनला जोडण्यात आला. केबिनमधल्या फोनची घंटा बंद ठेवलेली असते. तिसऱ्या कॉलला चार मिनिटे रिंग गेली.

मी साहेबांना विचारले. ते म्हणाले, "मावशी, सर्व्हरचं तुम्हाला काय कळतंय? तुम्ही फक्त फोन उचला."

मी म्हणाले, "तेच तुम्हाला सांगतेय."

मी सातवी पास आहे. सर्व्हरचे इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन जेवणाच्या सुट्टीत दोनदा वाचले आहे. सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, दोन्हींवर तीच माहिती असते. एक काढली तरी फोन चालू राहतात. काल हाच सर्व्हर जुना झाला म्हणून पुसून भंगारात देण्याचा हुकूम निघाला. म्हणून आज सकाळी १०.४० वाजता मी एक डिस्क काढली. एकही फोन बंद पडला नाही. मी काम ठप्प केले ही कंपनीची तक्रार खोटी आहे.

गेटवरच्या, बाहेर जाणाऱ्या मालाच्या रजिस्टरात 'डिस्क एक, पोलीस ठाण्याकडे' असे लिहून मी सही केली व थेट येथे आले. कंपनीची तक्रार माझ्यामागोमाग आली.

हवालदार म्हणाले, "ताई, याला चोरीच म्हणतात."

"चोर गेटवर सही करून जातो का?" असे मी विचारले.

डिस्क माझ्यादेखत पंचनामा करून सीलबंद करावी. तोवर मी येथून उठणार नाही.

जबाब मला वाचून दाखवू लागले, तो मी हातात घेऊन स्वतः वाचला. 'चोरली' खोडून 'काढून आणली' असे करवून घेतले, तेथे माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. डिस्कला दुपारी ४.०५ वाजता सील लागले. त्यानंतर ही सही केली.