दर दहा मिनिटांनी सही

मावशी : हस, हस. डोळा तुझा नाही सुजलेला.

भाची : हसत नाहीये गं. बर्फ नीट धर. कुठल्या मधपेटीपाशी चावली?

मावशी : सातव्या. तुझ्या यंत्राचा सेल बदलायला झाकण उचललं, तर माश्यांना वाटलं, आली चोरटी. महिन्यात दुसऱ्यांदा! काय म्हणाली होतीस? "एकदा बसवलं की दोन वर्षं बघायला नको."

भाची : चालतं की दोन वर्षं. सही नसेल तर.

मावशी : कुणाची सही?

भाची : यंत्राची. पेटीचं वजन, तापमान याच पेटीतून आलंय, मधे कुणी आकडे फिरवले नाहीत, अशी खात्री मध घेणाऱ्यांना हवी. म्हणून ते प्रत्येक नोंदीला सही करतं. दर दहा मिनिटांनी.

मावशी : म्हणजे दिवसाला?

भाची : एकशे चव्वेचाळीस.

मावशी : अगं बाई! काडेपेटीएवढा जीव तो!

भाची : तेच ना. एका सहीला ही भलीमोठी गणितं. शिवाय नोंद एवढीशी आणि सही तिच्या आठपट लांब. ती हवेतून धाडता धाडता सेल गार.

मावशी : मग नको करू दे सही.

भाची : सही नाही तर खरेदी नाही. माझं पहिलंच काम आहे, मावशी. शनिवारी बघायला येतायत ते.

मावशी : शनिवारच्या आत पुन्हा सेल संपला, तर बाराही यंत्रं उपटून तुझ्या आईच्या दारात ठेवीन. बघ मग. ती वही दे इकडं, आजची वजनं राहिलीत.

भाची : एका डोळ्यानं? थांब, मी लिहिते. ...मावशी, तू ओळीओळीला सही नाही करत?

मावशी : मला दुसरे उद्योग नाहीत? पान भरलं की तळाला एक.

भाची : आणि मधलाच एखादा आकडा कुणी बदलला तर?

मावशी : बदलेल कसा? प्रत्येक ओळीत आधी कालचं वजन पुन्हा लिहायचं, मग आजचं. एक आकडा हलवला की पुढची ओळ बोंब मारते.

(भाची लिहायची थांबते.)

मावशी : काय गं? तुलाही चावली?

भाची : मागच्या नोंदीचा ठसा पुढच्या नोंदीत मिसळायचा. त्याला सेल फारसा लागतच नाही. आणि सही दिवसाला एक! मला कसं सुचलं नाही हे?

मावशी : तुला कुठं झाकण उचलावं लागतं.

भाची : फक्त एक आहे. दुपारी यंत्र बंद पडलं, तर सकाळपासूनच्या नोंदी बिनसहीच्या राहतील.

मावशी : पान भरायच्या आत मी खपले तरी तेच होणार. सांग त्यांना सरळ, लपवू नकोस.

भाची : सांगते. पण... यंत्राला हे नवं शिकवायला एकदा झाकण उघडावं लागेल. बाराही पेट्यांचं.

मावशी : जाळीची टोपी दारामागे आहे. डाव्या डोळ्यापाशी फाटलीय, तेवढं सांभाळ.