नाही म्हणायचं इंग्रजी

गोजरबाई : दोनी हात दावा बरं. आसं. का कापत्यात तुमचं हात, नर्सबाई?

सारा : पाणी उकळत होते, वाफ लागली. तुम्ही बाकावर बसा, मावशी. शस्त्रक्रियेच्या खोलीत बाहेरच्या माणसानं यायचं नसतं.

गोजरबाई : मी कुटं आत येते? वाफंनं हात लाल व्हत्यात, कापत न्हाईत. माझी लेक परवापास्नं अडलीय. काष्टीला बाजंवर घालून ठेशनात नेली, तिथनं रेल्वेनं हितं नगरला आनली. सगळी वाट रडत हुते, पर हात कापलं न्हाईत माझं. तुमचं का कापत्यात?

सारा : मी अजून नर्स झालेले नाही. शिकतेय. मला नुसतं सारा म्हणा.

गोजरबाई : मंग सारे, खरं सांग. माझी ठकू जगंल न्हवं?

सारा : डॉक्टर मॅडम पोट उघडून मूल काढणार आहेत. त्यांच्या हाताला यश आहे. गेल्या महिन्यात राहुरीची एक बाई अशीच आली होती. मायलेकरं दोघं चालत घरी गेली.

गोजरबाई : गोऱ्या मडमच्या हाताचं मी इचारलंच न्हाई. तुझ्या हाताचं इचारते. तुझं काय काम हाय आत?

सारा : भूल मी देणार आहे.

गोजरबाई : म्हंजी?

सारा : गुंगीचं औषध. नाकावर जाळी ठेवायची, जाळीवर कापड, आणि कापडावर थेंब थेंब औषध टाकायचं. श्वास बघत बघत. कमी पडलं तर सुरी चालू असताना ती जागी होईल. जास्त पडलं तर...

गोजरबाई : बोल की.

सारा : जास्त पडलं तर जागीच होणार नाही.

गोजरबाई : आन तुला येतं ते?

सारा : मी पाहिलंय. आमच्या मोठ्या नर्स मेरीबाई देतात भूल. त्या हिवतापानं फणफणल्यात, माणूससुद्धा ओळखत नाहीत. म्हणून मॅडमनी मला विचारलं.

गोजरबाई : बगितलंय का, आसं न्हाई इचारलं मी. येतं का?

सारा : नाही येत.

गोजरबाई : मडमला काय सांगितलंस मंग?

सारा : येतं म्हणून सांगितलं.

गोजरबाई : आगं माझे बाई. तुझं काय घोडं मारलं हुतं माझ्या लेकीनं?

सारा : मावशी, हळू बोला. आत ऐकू जाईल.

गोजरबाई : जाऊ दे की. ऐकू जावं म्हनूनच बोलते. येत न्हाई तर येतं कशाला म्हनालीस?

सारा : मी म्हणाले नाही हो, तोंडातून निघालं. मी राहात्याची. आईबाप पटकीत गेले आणि मिशनच्या बोर्डिंगात वाढले. तिथं गोऱ्या मॅडम जेवणाआधी मुलींना रांगेत उभं करायच्या आणि इंग्रजीत विचारायच्या. झाडता येतं? शिवता येतं? गाता येतं? 'येस मॅडम, आय कॅन,' म्हटलं की ताटात भाकरी पडायची. येत नसलं तरी तेच म्हणायचं आणि मग मोठ्या मुलींकडून शिकून घ्यायचं. जी गप्प राहील ती रांगेच्या शेवटी. शेवटच्या मुलीपर्यंत कालवण पोचायचं नाही.

गोजरबाई : आन न्हाई म्हनायचं कुनी शिकवलंच न्हाई?

सारा : पुस्तकात होतं. आम्ही वाचायचो. पण म्हटलं कुणीच नाही.

गोजरबाई : झाडलोट न्हवं ही, बाय. पोट फाडायचंय आत. जा, मराठीत सांग तिला.

सारा : ह्या मॅडम नव्या आहेत. जुन्या मॅडम आपल्यासारखं मराठी बोलायच्या. त्या मायदेशी गेल्या आणि लढाईमुळं तिकडंच अडकल्या. ह्यांना 'पाणी' आणि 'दुखतं का' एवढंच येतं.

गोजरबाई : मंग विंग्रजीत सांग. तुला येतंय की.

सारा : सांगायलाच गेले होते मघाशी. 'सारा, रेडी?' म्हणाल्या. मी 'येस मॅडम' म्हटलं आणि बाहेर आले. मला खोटं बोलायचं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण गोरं माणूस समोर उभं राहून काही विचारायला लागलं की मी 'येस'च म्हणते. आणि आता मागं फिरले तर काढून टाकतील मला. मला कुठं जायला घर नाही, मावशी.

गोजरबाई : आन माझी लेक कुटं जानार हाय, त्ये ठावं हाय ना तुला?

सारा : ठाऊक आहे. म्हणूनच तर कापतेय. आणि नाही म्हटलं तर भूल द्यायला दुसरं कोण आहे? मग तरी कशी वाचेल ती?

गोजरबाई : कॅम्पात पलटनीचा दवाखाना हाय. माझा जावाय भरती झाला तवा हुता तिथं पडून, ताप येऊन. लई डाक्टर हायेत म्हनायचा.

सारा : तो शिपायांसाठी आहे. ते लोक इकडं येतील का, कोण जाणे. मॅडमनी बोलावलं तरच.

गोजरबाई : ती कशाला बोलावंल? तिला वाटतंय तुला येतं. तिची वाट तूच आडवून बसलीस न्हवं?

सारा : खरंय, मावशी. मीच अडवलीय.

गोजरबाई : रडू नगंस. रडायचं माझं काम हाय आज. मला शिकीव. मी सांगते तिला.

सारा : तुम्ही?

गोजरबाई : व्हय. मला कोन काढनार हाय? काय म्हनायचं, हिला येत न्हाई?

सारा : 'शी कॅनॉट.'

गोजरबाई : शी क्यानाट.

सारा : हो. तेवढं पुरे.

गोजरबाई : शी क्यानाट. शी क्यानाट. येवढंसं हाय की. येवढ्यासाठी माझी लेक मारनार हुतीस व्हय?

सारा : मावशी, मला फार भीती वाटते.

गोजरबाई : मला काय कमी वाटती? तू औषध टाकलंस तरी मरंल, न टाकता येळ गेला तरी मरंल. पर दोर कुजलाय ह्ये ठावं आसल्यावर मानूस आडात घागर सोडत न्हाई. हात दे हिकडं. दोघी जाऊ.

(खोलीचं दार उघडतं. डॉक्टर मॅडम बाहेर येतात.)

मॅडम : सारा, वी आर रेडी. कम.

गोजरबाई : शी क्यानाट.

मॅडम : व्हॉट?

गोजरबाई : शी क्यानाट, मडम. पाया पडते तुमच्या. शी क्यानाट.

मॅडम : सारा, व्हॉट इज शी सेइंग?

सारा : मॅडम, शी... माय...

गोजरबाई : सांग की गं. माझं विंग्रजी सपलं आता.

मॅडम : लुक ॲट मी, सारा. कॅन यू गिव्ह क्लोरोफॉर्म?

सारा : येस, मॅड... नो. नो, मॅडम. आय कॅनॉट. आय ओन्ली सॉ. आय कॅनॉट.

मॅडम : यू टोल्ड मी यू कुड.

सारा : येस, मॅडम.

मॅडम : सेंड रंगनाथ टू द मिलिटरी हॉस्पिटल. ही मस्ट ब्रिंग अ डॉक्टर. क्विक. आय विल टॉक टू यू लेटर.

गोजरबाई : गेली आत. काय म्हनली? आगं पळतीस कुटं?

सारा : थांबा. (अंगणात टांगेवाल्याला हाक मारते) रंगनाथ, टांगा जोडा. कॅम्पातल्या इस्पितळात जा आणि डॉक्टर घेऊनच या. बाई अडलीय, भूल द्यायला माणूस नाही, मॅडमनी धाडलंय म्हणून सांगा. वाटेत कुठं थांबू नका.

गोजरबाई : येतील व्हय त्ये?

सारा : मॅडमचं नाव घेतल्यावर येतील. यायला पाहिजेत.

गोजरबाई : आन तवर ठकू तग धरंल का?

सारा : मला माहीत नाही, मावशी.

गोजरबाई : मडम तुला काय बोलली? त्वांड उतरलंय तुझं.

सारा : माझ्याशी मागनं बोलणार आहेत.

गोजरबाई : काढतील?

सारा : काढतील बहुतेक. मावशी, टांगा यायला उशीर झाला आणि आत काही वाईट झालं, तर तुम्ही मला माफ नाही करणार.

गोजरबाई : न्हाई करनार. खोटं कशाला बोलू? पर मंग मला बी माफ करनार न्हाई मी. त्वांड मीच उगाडलं की आधी.

सारा : माझा पाय आत जाईना हो आता.

गोजरबाई : माझा जातोय, पर मला जाऊ देत न्हाईत. आत येकली हाय ती. अनोळखी मान्सं, त्या सुऱ्या, त्यो वास. तू जा. तिच्या उशाशी बस, हात धर तिचा. डोळं उगाडलं तर सांग, आय दाराशीच बसलीय, हालली न्हाई. येवढं येतं का तुला?

सारा : येवढं येतं, मावशी.