टेस्टर दोन्हीकडे लागतो

...आणि वर मलाच विचारतात, ‘मावशी, प्लग लावलाय ना?’ आता तुम्हीच सांगा, बहात्तर वर्षांची ही रेजिना, जिने नंदाखाल गावातल्या आमच्या आळीतल्या अर्ध्या घरांच्या इस्त्र्या आणि मिक्सर उघडून दुरुस्त केलेत, तिला हा प्रश्न? शाळा माझी चौथीत सुटली, पण कुठली वायर येते आणि कुठली जाते ते मला कुणी शिकवायला नको. आणि प्लगचं म्हणाल तर प्लग मी ठेवलाच नव्हता. ओटीवरच्या पॉइंटला थेट वायर जोडली होती, प्लग लागतो तो ज्यांना वायरिंग येत नाही त्यांना. बरं, करंट नव्हता म्हणावं तर टेस्टर लावून बघितला, या स्क्रूला लावला, लागला, त्या स्क्रूला लावला, तिथेही लागला. दोन्हीकडे! आणखी काय पाहिजे? पण दिवा काही लागत नाही.

दिवा कसला विचाराल, तर नाचणीचा. हसू नका, सांगते. आमच्या आळीत नाताळचा गोठा करतात, त्यात बाळ येशूच्या गव्हाणीभोवती जी हिरवळ लागते ती गेली चाळीस वर्षं माझ्या ताटांतली. डिसेंबर लागला की नाचणी भिजवायची, ताटात माती घालून पेरायची, नाताळच्या आदल्या दिवशी बोटभर हिरवीगार उभी. पण आमच्या ओटीसमोर आली चार मजली बिल्डिंग, आणि ऊन म्हणून जे काय होतं ते त्या लोकांच्या गॅलरीत वाळत पडलं. गेल्या वर्षी नाचणी उगवली ती कावीळ झाल्यासारखी. आमचा पुतण्या गॉडफ्रे, नाताळ कमिटीचा मुख्य, चार लोकांत मला म्हणतो, “काकी, यंदा बेथलेहेमला दुष्काळ पडला का?”

मी गिळलं ते. पण यंदा तो घरी आला, चहा प्यायला, बिस्किटं खाल्ली आणि जाता जाता म्हणाला, “काकी, रविवारी ताटं बघायला येतो. हिरवी असली तर तुमचीच. नसली तर आपण प्लास्टिकची हिरवळ आणून ठेवलीय, गुंडाळी आहे, दरवर्षी झटकायची आणि पसरायची.” झटकायची! म्हणजे बाळ येशू काय आता मंगल कार्यालयाच्या गालिच्यावर झोपणार?

तर मी मोबाइलवर बघून बघून शिकले. लाल आणि निळे एलईडी मागवले, जुन्या खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी घेतली, त्यावर एकेक चिकटवून तारांना कथलाचे डाग दिले, करंट बारीक करणारी ती डबी असते ना, ड्रायव्हर म्हणतात, ती जोडली, ओटीच्या वाशाला टांगलं आणि खाली नाचणीची ताटं. सोमवारी सकाळी सुनेला हाक मारली, प्रिस्का, ये बघायला. ओटीवरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. ताटातली नाचणी माझ्याकडे बघतेय, पिवळी पिवळी.

प्रिस्का म्हणाली, “मम्मी, ते आपलं कंदिलाचं...” मी म्हटलं, कंदील रविवारी, आधी हे होऊ दे. टेस्टर लावला, दोन्हीकडे लागला. म्हणजे दोष दिव्यात. सगळे डाग काढले, पुन्हा दिले. मंगळवारी एलईडी उलटे लागलेत की काय म्हणून एकेक तपासला, छत्तीस होते, छत्तीसच्या छत्तीस सुलटे. मान राहिली नाही जागेवर. आणि दिवा? नाही.

बुधवारी नथूला बोलावलं. नथू राजोडीचा वायरमन, माणूस चांगला, पण कशातही त्याला पाणीच दिसतं. पट्टी नुसती लांबून बघितली आणि म्हणतो, “मावशी, आत पानी गेलंय. खारी हवा हाय, कोनाचं काय टिकत नाय.” मी म्हटलं, अरे, सोमवारी केलेल्या दिव्यात पाणी शिरायला त्याने पोहायला जायला नको का? तर म्हणतो, “मंग प्लग लावलाय ना?” त्याला टेस्टर दाखवला, बघ, दोन्हीकडे. त्याने डोकं खाजवलं, म्हणाला, “दोन्हीकडं लागाला नाय पायजे, मावशी.” मी म्हटलं, नाय पायजे काय? जास्त आहे तर तुला त्रास होतोय? घराघरात कमी करंटची ओरड, माझ्या ओटीवर भरपूर आहे तर याचं दुखतंय. गेला बिचारा.

प्रिस्का पुन्हा दारात. “मम्मी, मी काय म्हणते, कंदिलाचं...” मी म्हटलं, बाई गं, कंदिलाचं नाव काढू नकोस, माझी नाचणी मरतेय.

मुलगा कॅल्विन जहाजावर असतो, त्याचा व्हिडिओ कॉल. “मम्मी, टाकून दे ते, ऑनलाइन रेडीमेड मिळतं.” मी म्हटलं, रेडीमेड आई मिळते का तेही बघ. आणि फोन ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी, तुम्हाला खोटं नाही सांगत, मी हरले. ओटीवर बसले, टेस्टर हातात, आणि गॉडफ्रेला सांगायचं मनात ठरवलं की आण बाबा तुझी गुंडाळी. चाळीस वर्षं... जाऊ दे. तेवढ्यात आत प्रिस्काने, मला न विचारता, चर्चचं कॅलेंडर भिंतीवरून उचललं, मागचं बटण दाबलं, आणि अख्खी ओटी जांभळी झाली. मी जांभळी, ताटं जांभळी, समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत.

ते बटण होतं कंदिलाचं, ओटीवरच्या बटणाशिवाय आत बसवलेलं दुसरं. नाताळचा कंदील लावायला म्हणून ओटीवरचा पॉइंट मीच ओढलेला, पंचवीस वर्षांपूर्वी, माझ्या हातांनी. आतलं बटण येणाऱ्या वायरवर द्यायचं ते मी दिलेलं परतीच्या वायरवर. जानेवारीत तीन राजांच्या सणाला कंदील उतरवला की ते बंद करायचं, वर कॅलेंडर लावायचं. म्हणजे करंट येत होता रुबाबात, दिव्यातून दुसऱ्या स्क्रूपर्यंत पोचत होता, पण परत जायला रस्ता नव्हता, म्हणून टेस्टर दोन्हीकडे लागत होता. प्रिस्का एवढंच म्हणाली, “सोमवारपासून तेच सांगत होते, मम्मी.” हळू म्हणाली. ओरडली असती तर मला बोलता तरी आलं असतं.

रविवारी सकाळी, दिवा लावायच्या आधीच, गॉडफ्रे आला तर नाचणी अशी हिरवी की त्याने दोनदा हात लावून बघितला. गुंडाळी गेली माळ्यावर. पण आळीत बोलबाला कुणाचा? प्रिस्काचा. ‘सुनेने बटण शोधलं हो.’ छत्तीस एलईडींना डाग कुणी दिले ते कुणी विचारत नाही! मग माझंही डोकं फिरलं, मी गॉडफ्रेला म्हटलं, हिरवळ हवी तर दिवाही गोठ्यावरच लागेल, आळीला कळू दे मी काय केलंय.

लावला. लागला. पहिल्या फटक्यात. आणि त्या जांभळ्या उजेडात माझी हिरवीगार नाचणी दिसते कशी... काळीकुट्ट. लोक येतात, वाकतात आणि विचारतात, “रेजिना, यंदा जाळून पेरलीस का?”

म्हणून आता मी गोठ्याजवळ खुर्ची टाकून बसलेय, बटण हातात घेऊन. या बटणाची वायर मात्र बरोबर आहे, प्रिस्काने तपासलीय. जो येतो त्याला आधीच विचारते, दिवा बघायचाय की हिरवळ? दोन्ही एकदम नाही मिळणार.